घटाला बी, तुळशीच्या लग्नाला फळ: नाशिकच्या अंगणातली झुकिनी

मखमलाबाद रोडला आमच्या घरामागे जेमतेम दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे. तिथे पहिल्यांदा झुकिनी लावली ती जूनमध्ये. दुधी, कारली, दोडका यांचं बी आम्ही पहिल्या पावसावर टाकतो, तसंच तिचंही टाकलं. सुपाएवढी पानं आली आणि जुलैच्या झडीत सगळी रोपं बुडापासून सडली. पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर लावली. झाडं देखणी झाली, रोज सकाळी पिवळीधमक फुलं दिसायची, पण बोटाएवढं झालेलं प्रत्येक फळ टोकाकडून पिवळं पडून गळून जायचं. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं, काही फरक पडला नाही. झाडाला काही कमी नव्हतंच. फूल सकाळी काही तासच उघडं राहतं आणि तेवढ्या वेळात नराचे परागकण मादीपर्यंत पोहोचत नव्हते.

म्हणून माती, खत, पाणी हे सगळं खाली सांगतेच, पण दोन गोष्टींवर जरा जास्त थांबणार आहे: लावायची वेळ आणि सकाळचं परागीभवन. नाशिकमध्ये झुकिनी फसते ती बहुतेक वेळा या दोन ठिकाणी.

झुकिनी ही भोपळ्याच्या कुळातली. शास्त्रीय नाव कुकुर्बिटा पेपो. मूळ मेक्सिकोकडचं, तिथल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत या जातीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया मिळाल्या आहेत. आज आपण खातो ती लांबट झुकिनी मात्र १९व्या शतकात इटलीत निवडून काढलेली. आपल्याला कामाची गोष्ट एवढी की ही बहुधा वेल होत नाही, झुडूप होतं. मांडव, जाळी, दोऱ्या यांची गरज नाही. गरज आहे ती पसरायला जागेची: एका झाडाला साधारण तीन फूट घेर.

कधी लावायची

हिला १८ ते ३० अंशांच्या मधलं हवामान मानवतं. नाशिकमध्ये तसे दिवस दोनदा मिळतात.

पहिली लावण घटस्थापनेच्या आठवड्यात. घरात घटासाठी माती आणलेली असते, त्याच दिवशी झुकिनीचं बी भिजत घालावं. बियापासून पहिलं फळ तोडेपर्यंत साधारण ४० ते ५० दिवस लागतात, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास किंवा त्रिपुरी पौर्णिमेला पहिली झुकिनी हातात येते. घट कधी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसतात, कधी ऑक्टोबरच्या मध्यावर, पण दोन्ही तारखा लावणीला चालतात. अडचण फक्त परतीच्या पावसाची. तो तासाभरात वाफ्याचा चिखल करतो, म्हणून रोपं आधी आडोशाला कपात करावीत आणि पाऊस गेल्यावर जागेवर न्यावीत.

दुसरी लावण रथसप्तमीला. तोवर कडाक्याची थंडी सरत आलेली असते आणि रंगपंचमीला, आपल्या रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडतात त्या दिवसांत, फळं सुरू होतात. ही लावण थोड्या दिवसांची असते. एप्रिलमध्ये पारा ३८-४० वर गेला की नर फुलंच जास्त येतात, मादी फुलं कमी होतात आणि पांढरी माशी वाढते. महिनाभर फळं मिळाली तरी समाधान मानावं.

पावसाळ्यात उघड्यावर लावू नये, हे माझं ठाम मत आहे. पॉलिहाऊसवाले बारा महिने घेतात, पण घरच्या वाफ्याला ते गणित लागू नाही.

आणि एक काळजी निफाड, पिंपळगाव, दिंडोरी भागातल्यांना घ्यावी लागेल. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. झुकिनीला कडाका सोसत नाही. पारा दहाच्या खाली जाणार असेल त्या रात्री जुनं सुती पातळ किंवा गोणपाट चार काठ्यांवर टाकून झाड झाकावं आणि सकाळी ऊन आल्यावर काढावं. द्राक्षबागेत थंडीच्या रात्री पाणी देतात आणि शेकोट्या पेटवतात, त्यातलं पाणी देण्याचं तत्त्व घरीही चालतं. ओली माती रात्री कोरड्या मातीपेक्षा हळू थंड होते, म्हणून अशा दिवशी दुपारी वाफा ओला करून ठेवावा.

जागा आणि माती

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवं. सकाळचं ऊन मिळणारी जागा सगळ्यात चांगली, कारण रात्री पडलेलं दव लवकर सुकतं आणि बुरशीला वाव कमी मिळतो. सिडको, इंदिरानगरच्या रो हाऊसमध्ये मागची जागा दोन भिंतींच्या मध्ये असते, हिवाळ्यात तिथे सूर्य पोहोचत नाही. तशा घरात गच्ची वापरावी.

आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. झुकिनीचं बूड त्या ओलीत सडतं. म्हणून सपाट जमिनीत न लावता २० ते २५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करावा. प्रत्येक झाडाच्या जागी फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा घ्यावा. त्यात दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि माती एकत्र करून भरावी. शेणखत कच्चं असेल तर हुमणी येते आणि मुळंही भाजतात. खताच्या ढिगात हात घातल्यावर गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते अजून तयार नाही.

कुंडीत लावायची तर २० लिटरपेक्षा लहान घेऊ नये. १५ इंच रुंद आणि तितकीच खोल ग्रो बॅग चालते, एका बॅगेत एकच झाड. माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात घ्यावं. बॅग विटांवर ठेवावी, म्हणजे खालून पाणी निघून जातं आणि गच्चीची फरशीही खराब होत नाही.

चार माणसांच्या घराला तीन झाडं पुरतात. एकच लावू नका. एका झाडावर नर आणि मादी फूल एकाच दिवशी उघडेलच असं नसतं. दोन-तीन झाडं असली की जुळणी होते.

बी आणि रोप

बी विकत घेताना पाकिटावरची तारीख वाचा. मी एकदा घाईत घेतलेल्या पाकिटातल्या आठ बियांपैकी एकच उगवली. घरी आल्यावर पाहिलं तर मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली होती. हिरवी, पिवळी, गोल असे प्रकार मिळतात. गच्चीवर, उंच मजल्यावर मधमाश्या दिसतच नसतील तर परागीभवनाशिवाय फळ धरणारं वाण मागावं. ते थोडं महाग असतं, पण अशा घराला तेच बरं.

बी सहा ते आठ तास कोमट पाण्यात भिजवा. कागदी कपाला खाली दोन भोकं पाडा, कोकोपीट आणि गांडूळखत भरा, बी दोन सेंटिमीटर खोल आडवं ठेवा. पाच ते आठ दिवसांत उगवतं. रथसप्तमीच्या लावणीला रात्रीच्या गारव्यामुळे दोन-तीन दिवस जास्त धरा. या कुळातल्या रोपांना मुळं हललेली आवडत नाहीत, म्हणून ट्रेमधून उपटून लावण्यापेक्षा कप बरा. पहिल्या दोन जाड बीजपानांनंतर दोन खरी पानं आली, म्हणजे साधारण बारा-पंधरा दिवसांनी, कप कापून मातीच्या गोळ्यासकट रोप खड्ड्यात ठेवावं. लावणी संध्याकाळी करावी. कपात मातीची जी पातळी होती तीच ठेवावी, खोडावर माती चढवू नये.

पहिल्या दोन आठवड्यांचा शत्रू म्हणजे लाल भुंगा. तो कोवळ्या पानांची चाळण करतो आणि एका दिवसात रोप संपवतो. पहाटेच्या गारव्यात तो सुस्त असतो. तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावा. पानांवर दव असताना चुलीची चाळलेली राख धुरळली तरी तो लांब राहतो. रोप मोठं झालं की पानं त्याला पुरून उरतात.

पाणी आणि खत

पाणी बुडाशी, पानांवर नाही. वाफ्यातल्या झाडाला हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर द्यावं. कुंडीला एक दिवसाआड दोन-तीन लिटर, मार्चनंतर रोज. बोट दोन पेरं मातीत घालून ओल बघावी, ओल असेल तर थांबावं. दुपारी पानं माना टाकतात तेव्हा घाबरून लगेच पाणी ओतू नका. ती एवढी मोठी असतात की उन्हात मुळं पुरी पडत नाहीत. संध्याकाळी ताठ झाली तर सगळं ठीक आहे. वाफ्यावर वाळलेलं गवत किंवा उसाचं पाचट दोन इंच पसरावं, पण खोडापासून चार बोटं दूर.

फळाचं टोक काळपट, मऊ पडत असेल तर बहुतेक वेळा पाण्याची अनियमितता कारण असते. दोन दिवस कोरडं, मग एकदम पूर, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. पाणी सारखं ठेवा, पुढची फळं नीट येतात.

खताचं थोडक्यात. लावणीनंतर तीन आठवड्यांनी दर पंधरा दिवसांनी झाडाला लिटरभर जीवामृत किंवा दोन मुठी गांडूळखत. फुलं सुरू झाली की मूठभर लाकडाची राख. द्राक्षवाल्यांच्या घरी विद्राव्य खतं असतातच. ती वापरायची तर वाढीच्या काळात १९:१९:१९ आणि फुलांपासून ०:५२:३४ (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या प्रमाणाचे), दोन्ही लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा आळ्यात. फुलं लागल्यावर युरिया देऊ नये, नुसता पाला माजतो.

सकाळचा तास

बी टाकल्यापासून महिनाभराने फुलं येतात. आधी आठ-दहा दिवस बहुधा नुसती नर फुलं. ती गळाली की लोक हळहळतात, पण नर फूल एक दिवस उघडून गळणारच. नर फुलाचा देठ लांब, बारीक आणि सरळ असतो. मादी फुलाखाली, ते उघडण्याच्या आधीपासूनच, करंगळीएवढी छोटी झुकिनी असते. नराच्या आत एकच पिवळा, पावडर लागलेला दांडा दिसतो, तर मादीच्या मधोमध अनेक पाकळ्यांसारखी, चिकट, जाड कुक्षी. एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की विसरत नाही.

फूल सूर्योदयाच्या आसपास उघडतं आणि दहा-अकरापर्यंत मिटतं. ऑक्टोबरअखेर आपल्याकडे साडेसहाला उजाडतं, डिसेंबरअखेर सात वाजून जातात. थंडीत फूल जरा उशिरा पूर्ण उमलतं. तर काम असं:

सकाळी सात ते नऊच्या दरम्यान वाफ्यावर जा. त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा. त्याच्या पाकळ्या फाडून टाका, म्हणजे मधला दांडा मोकळा होतो. त्याला बोट लावून बघा, पिवळी पावडर बोटाला लागली पाहिजे. दवाने ओला असेल तर दहा मिनिटं उन्हात धरा. मग मादी फुलाच्या कुक्षीवर तो सगळीकडून हलकेच टेकवा, घासू नका. कुक्षीच्या सगळ्या भागांना पराग लागला पाहिजे. एकाच बाजूला लागला तर फळ एका टोकाला फुगलेलं, दुसरीकडे निमुळतं होतं. एक नर फूल दोन माद्यांना पुरतं. काम झाल्यावर देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे कोणत्या फळाचं काय झालं ते कळतं.

तीन दिवसांत फळ चकाकायला आणि दिवसागणिक वाढायला लागलं तर धरलं. टोकाकडून पिवळं पडलं तर नाही. ते तोडून टाका, झाडाची ताकद वाचेल.

मादी फूल उघडलं आणि नर एकही नाही, असं होतं. त्यासाठी आदल्या सकाळचं जास्तीचं नर फूल मी झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवते, ते दुसऱ्या दिवशी कामाला येतं.

नोकरीवर जाणाऱ्यांना हे रोज जमणार नाही. मग मधमाश्यांना बोलवावं. वाफ्याजवळ सब्जा आणि बडीशेप फुलू द्यावी. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्याच खुडू नयेत, निदान एका तुळशीवर राहू द्याव्यात. आमच्याकडे मधमाश्या आधी तुळशीवर येतात आणि तिथून झुकिनीच्या फुलात शिरतात. आणि कोणतीही फवारणी, अगदी निंबोळी अर्काचीही, संध्याकाळीच करावी. एक अपवाद आहे, तो पुढे येतो.

भुरी आणि फळमाशी

द्राक्षाच्या गावात भुरी म्हणजे काय हे सांगायला नको: पानांवर पिठासारखी पसरणारी पांढरी बुरशी. दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. दुसऱ्या वर्षी पानांवर पांढरे डाग दिसल्यावर मी घाबरून त्यांना बोलावलं. त्यांनी पानावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अगं, ही भुरी नाही. भुरी बोटाला लागते. या पानाचा रंगच असा आहे." खरंच, झुकिनीच्या बऱ्याच वाणांच्या पानांवर शिरांच्या कडेने चंदेरी नक्षी जन्मतःच असते. अंगठ्याने पुसून जात नसेल तर काही करू नका.

पण डिसेंबरमध्ये खरी भुरी आली. आधी खालच्या पानांवर पिठूळ ठिपके, मग सगळं पान पांढरं. भुरीला पान भिजलेलं लागत नाही, कोरडे दिवस आणि गार, दमट रात्री तिला पुरतात, म्हणून पाऊस नाही तर बुरशी नाही असं धरून बसू नये. उपाय तीन. पहिला, जमिनीला टेकलेली जुनी पानं देठासकट कापून हवा खेळती ठेवणं. एका वेळी तीनपेक्षा जास्त पानं काढू नयेत. दुसरा, पातळ दूध: एक भाग दूध, नऊ भाग पाणी. हे ऐकायला घरगुती वाटतं, पण १९९९ मध्ये ब्राझीलचे संशोधक वॅगनर बेटिओल यांनी झुकिनीवरच याचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि त्यात दुधाने भुरी आटोक्यात राहिली होती. हाच तो सकाळचा अपवाद, कारण दूध रात्रभर पानावर ओलं राहू नये. फुलांवर तुषार जाऊ न देता पानांच्या दोन्ही बाजूंनी आठवड्यातून दोनदा फवारावं, आणि पहिला ठिपका दिसताच सुरू करावं. अर्धं झाड पांढरं झाल्यावर उपयोग नाही. तिसरा उपाय गंधक, लिटरला दोन ग्रॅम पाण्यात मिसळणारं. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा. पारा ३२ च्या वर असेल तेव्हा गंधक नको, पानं करपतात. निंबोळी तेल फवारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

फळमाशी त्रास देते ती मुख्यतः रथसप्तमीच्या लावणीला. कोवळ्या फळावर सुईने टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंक, आणि कापलं की आत अळ्या. क्यू-ल्यूरचा (फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा एक लावावा, त्यात नर माश्या अडकतात. त्याहून खात्रीचं म्हणजे फळ धरल्याचं कळताच त्याला कागदी पिशवी घालून देठाशी सैल बांधणं. किडलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका. अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि त्यातून पुढची पिढी निघते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा.

पानं आकसून, फोड आल्यासारखी खडबडीत, हिरव्या-पिवळ्या डागांची झाली आणि फळावर गाठी आल्या तर तो विषाणू आहे. औषध नाही. मावा आणि पांढरी माशी तो पसरवतात, म्हणून झाड लगेच उपटावं, बाकीच्यांशेजारी पिवळे चिकट सापळे लावावेत. जीव तुटतो, पण एक दिवस थांबलं तरी शेजारचं झाड जातं.

तोडणी

फूल मिटल्यापासून पाच ते सात दिवसांत फळ वीतभर होतं. तेव्हाच तोडावं, १५ ते २० सेंटिमीटरला. चाकूने, इंचभर देठ ठेवून. पिरगाळलं तर खोड चिरतं. मोठं होऊ दिलं तर बी धरतं, साल जाड होते आणि झाड नवीन मादी फुलं काढायचं कमी करतं. दोन दिवस गावाला जाणार असाल तर जाण्याआधी लहान फळंही तोडून घ्या.

पहिल्या फळाची चकती कच्चीच जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंकून टाका आणि त्या झाडाची फळं खाऊ नका. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही. जर्मनीत २०१५ मध्ये घरच्या बागेतली कडू झुकिनी खाल्ल्यानंतर एका वृद्धाचा मृत्यू झाला होता. शेजारी दुधी किंवा कारलं लावल्याने झुकिनी कडू होते, हा समज मात्र चुकीचा आहे, त्यांचा तिच्याशी संकर होत नाही. धोका असतो तो घरी धरलेल्या बियांचा, जर जवळपास याच जातीचे शोभेचे भोपळे असतील तर. म्हणून मी बी धरत नाही, दरवर्षी नवं पाकीट आणते.

स्वयंपाकात दुधीसारखी उकळू नका, पाणी सुटून चव जाते. आमच्याकडे पीठ पेरून करतात: फोडणीत लसूण, मोठ्या आचेवर फोडी, पाच मिनिटांनी भाजलेलं बेसन. किसून, मीठ लावून, पिळून थालीपिठात घातली तर मुलं मागून खातात. जास्तीच्या नर फुलांची भजी करावी, आतला दांडा काढून.

आठ-दहा आठवड्यांनी झाड दमतं, फुलं लहान होतात, भुरी आवरत नाही. तेव्हा मुळासकट उपटा. पानांवर भुरी असेल तर ती कंपोस्टात न टाकता बाहेर टाका. त्या वाफ्यात पुढच्या वेळी काकडी, दोडका, भोपळा असलं काही लावू नका. आम्ही मेथी पेरतो आणि तीनेक आठवड्यांत ती काढून कांद्याची पात लावतो.